वाय फेजचा एकटा प्रोब: ट्रान्सफॉर्मरमधल्या फायबर सेन्सरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला मध्यम आकाराचा ट्रान्सफॉर्मर कारखाना. नावं गाळली आहेत. ऑर्डर होती २५ एमव्हीए, १३२/३३ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरची, एका सौर प्रकल्पासाठी. कारखान्याने या आकाराचे ट्रान्सफॉर्मर पूर्वी बरेच बनवले होते, त्यामुळे डिझाइनमध्ये कुणाला काही अवघड वाटलं नव्हतं. नवी होती ती स्पेसिफिकेशनमधली एक ओळ: वाइंडिंगचा हॉट-स्पॉट (त्यातली सर्वात गरम जागा) फायबर ऑप्टिक प्रोबने प्रत्यक्ष मोजून दाखवावा आणि त्याची तापवाढ (भोवतीच्या हवेपेक्षा जास्तीचं तापमान) ६८ अंशांच्या आत असावी.

एरवी हॉट-स्पॉट कुणी मोजत नाही, तो काढला जातो. टाकीवर बसवलेल्या वाइंडिंग टेम्परेचर इंडिकेटरचा काटाही वाइंडिंगपर्यंत पोचलेला नसतो. वरच्या तेलाच्या पॉकेटमध्ये त्याचा बल्ब असतो, सीटीमधून (करंट ट्रान्सफॉर्मरमधून) आलेला प्रवाह एका छोट्या हीटरला दिला जातो आणि तांबं तेलापेक्षा जेवढं जास्त तापेल असं गणित सांगतं तेवढं त्यात वाढवलं जातं. म्हणजे साहेबांना जो आकडा दिसतो तो नक्कल असतो. टेस्टिंगमध्येही तेच. हीट रन (ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडइतका तापवून पाहायची चाचणी) झाल्यावर वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजून सरासरी तापमान काढायचं, सरासरी तेलापेक्षा ते किती वर आहे तो फरक घ्यायचा, त्याला हॉट-स्पॉट फॅक्टरने गुणायचं (या आकाराला साधारण १.३ धरतात) आणि वरच्या तेलाच्या वाढीत मिळवायचं. आयईसी ६००७६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक ही पद्धत मान्य करतं, आणि २०११ च्या आवृत्तीपासून फायबरने थेट मोजण्याबद्दलही सविस्तर सांगतं.

सौर प्रकल्पवाल्याने हट्ट का धरला हे समजण्यासारखं आहे. त्याचा पूर्ण लोड भर दुपारी येतो, म्हणजे उन्हाळ्यात हवा सर्वात तापलेली असते नेमक्या त्याच वेळी. रात्री ट्रान्सफॉर्मर जवळजवळ रिकामा. साध्या कागदाच्या इन्सुलेशनचा जीर्ण होण्याचा वेग दर ६ अंशांना दुप्पट होतो हा या धंद्यातला जुना नियम आहे, आणि २५ वर्षं वीज विकायची असणाऱ्याला तो पाठ असतो.

प्रोबची निवड

ऑर्डर आल्यावर कारखान्याने मला उष्णतेच्या बाजूने सल्ल्यासाठी बोलावलं. पहिला प्रश्न होता, कोणता फायबर घ्यायचा.

काच वीज वाहून नेत नाही, म्हणून फायबर १३२ केव्हीच्या वाइंडिंगमध्ये सरळ डिस्कच्या (वाइंडिंगमधल्या चकतीसारख्या थराच्या) पोटात नेता येतो. थर्मोकपलच्या तारा तिथे नेण्याचा विचारही करता येत नाही. पण फायबर म्हटलं की आज तीन-चार वेगळ्या गोष्टी समोर येतात. ब्रॅग ग्रेटिंगवाले सगळ्यात उत्साहाने येतात. १९७८ मध्ये कॅनडात केनेथ हिल आणि सहकाऱ्यांना फायबरच्या गाभ्यात प्रकाशानेच जाळी कोरता येते हे सापडलं. आता फेमटोसेकंद लेझरने वरचं आवरण न काढताही ती कोरतात. एकाच फायबरवर ओळीने दहा-वीस मोजण्याच्या जागा मिळतात, हे त्याचं मोठं आकर्षण. अडचण अशी की १५५० नॅनोमीटरच्या ग्रेटिंगची तरंगलांबी एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते, आणि फायबर नुसता १० मायक्रोस्ट्रेन ताणला तरी सुमारे १२ पिकोमीटर सरकते. जाक (वाइंडिंग दाबून धरणारे स्क्रू) घट्ट आवळलेल्या वाइंडिंगमध्ये ताण आणि ताप वेगळे ओळखायचे कसे? ग्रेटिंग सैल नळीत ठेवून हे सोडवतात, पण त्या नळीसाठी स्पेसरमध्ये (डिस्कमधलं अंतर राखणाऱ्या तुकड्यात) जागा करावी लागते.

रामन पद्धतीचा, म्हणजे अख्ख्या फायबरभर तापमान वाचणारा पर्याय जमिनीखालच्या केबलला उत्तम. मीटर-मीटरच्या टप्प्याने वाचणारं ते यंत्र डिस्क वाइंडिंगमधली एक डिस्क काय वेगळी दाखवणार? रॅले परावर्तनावर चालणारी नवी यंत्रं मिलिमीटरपर्यंत उतरतात, पण ताणाचा तोच प्रश्न आणि किमतीचा आणखी एक.

शेवटी गॅलियम आर्सेनाइडवाले प्रोब घेतले. फायबरच्या टोकाला या अर्धवाहकाचा बारीक स्फटिक असतो. पांढरा प्रकाश आत सोडायचा. काही तरंगलांब्या स्फटिक गिळतो, काही परत पाठवतो. गिळण्याची सीमा तापमानासोबत सरकते, अंशाला साधारण ०.४ नॅनोमीटर. रीडर ती सीमा शोधतो. प्रकाश किती परत आला यावर मोजमाप अवलंबून नाही, सीमा कुठे आहे यावर आहे. कनेक्टरला धूळ लागली, फायबर जरा जास्त वाकला, तर सिग्नल कमजोर होतो. फारच कमजोर झाला तर वाचन येतच नाही. मात्र आलेलं वाचन सहसा चुकीचं नसतं. पुढच्या वादात हा मुद्दा कामाला आला.

बसवणी

आठ प्रोब ठरले. एचव्ही (जास्त दाबाच्या) आणि एलव्ही (कमी दाबाच्या) दोन्ही वाइंडिंगांत तीन फेजपैकी आर आणि बी फेजला एकेक, मधल्या वाय फेजला दोन-दोन. खरेदी विभागाला मधल्या फेजलाही एकच हवा होता. डिझाइनच्या मॅडमनी दोनचा आग्रह धरला. काचेचा प्रोब ओव्हनमधून, क्लॅम्पिंगमधून आणि टँकिंगमधून जातो, एखादा वाटेत जाणारच, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेलाच. वाय फेजच्या एचव्हीमधला एक प्रोब जाक आवळताना तुटला. स्पेसरमधल्या खाचेत टोक बसवलं होतं, पण खाचेतून बाहेर पडतानाच्या वळणावर फायबरला कागदाचा आधार नव्हता आणि वरचा ब्लॉक नेमका तिथे दाबला गेला. हे कळलं मात्र व्हेपर फेज ड्रायिंग (ओव्हनमधली वाळवणी) होऊन, सीसीए (गाभा आणि वाइंडिंगचा जोड) टाकीत जाऊन, वॉल प्लेटवर (फायबर टाकीबाहेर येतो तिथे) रीडर जोडल्यावर. तोवर उघडण्याचा खर्च एका प्रोबच्या किमतीच्या कितीतरी पट झाला होता. 'एक आहे ना चालू,' असं म्हणून सगळे पुढे गेले. निर्णयाचा पहिला टप्पा हाच होता, पण तेव्हा तो कुणाला निर्णय वाटला नाही.

अडचण

हीट रन सुरू झाला. वरचं तेल तासाला एका अंशाहून कमी बदलतंय असं सलग तीन तास दिसेपर्यंत पूर्ण लॉसेस (ट्रान्सफॉर्मरमध्ये उष्णता होऊन जाणारी वीज) द्यायचे, मग एक तास रेटेड करंट, मग शटडाउन. टेस्ट बेचं शटर बंद ठेवलं होतं, कारण संध्याकाळी वारा सुटला की भोवतीच्या तेलाच्या बाटल्यांमधले थर्मामीटर एकमेकांशी भांडायला लागतात. ग्राहकाचा इन्स्पेक्टर रात्रभर हजर होता.

रेटेड करंटच्या तासाच्या शेवटी आकडे असे होते. वरच्या तेलाची वाढ ४४ अंश. मधल्या फेजच्या एचव्हीची रेझिस्टन्सने काढलेली सरासरी वाढ ४८ अंश. गणिताने हॉट-स्पॉट ६२ च्या आसपास. फायबरने आर फेज ६१, बी फेज ६०. आणि वाय फेज ७२.

टेस्टिंगचे प्रमुख पटकन म्हणाले, "साहेब, हा प्रोब गेलाय. बाकी सगळं जुळतंय, हाच एकटा वेगळा." इन्स्पेक्टर काही बोलला नाही, त्याने फक्त आकडा आपल्या वहीत उतरवून घेतला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सरासरी चांगली आली होती हा काही वाय फेज निर्दोष असल्याचा पुरावा नव्हता. वाइंडिंगमध्ये ऐंशीच्या आसपास डिस्क होत्या. त्यातल्या सात-आठ डिस्क अकरा अंशांनी जास्त तापल्या तरी सरासरीत जेमतेम एका अंशाची भर पडते, आणि तेवढी भर रेझिस्टन्सच्या मोजणीतच विरून जाते.

प्रोब खरा की खोटा

वादात न पडता आधी सोप्या गोष्टी तपासल्या. रीडरवरचे चॅनेल अदलाबदल केले. ७२ चा आकडा प्रोबसोबत गेला, चॅनेलसोबत राहिला नाही. पॅच कॉर्ड बदलली, फरक शून्य. हीट रनच्या आधी, रात्रभर थंड पडलेल्या तेलात सगळे प्रोब एका अंशाच्या आत होते, त्याची नोंद होती. म्हणजे थंडीत तरी प्रोब बरोबर होता.

गरम असताना बरोबर आहे का, याचं उत्तर शटडाउननंतरच्या आलेखात होतं, आणि तो आलेख कुणी उघडून पाहिलाच नव्हता. सगळ्यांचं लक्ष रेझिस्टन्सच्या कर्व्हवर. करंट बंद झाला की तांबं काही मिनिटांतच भोवतीच्या तेलाच्या तापमानाकडे घसरतं. तेल मात्र तासन्‌तास गरम राहतं. प्रोबमध्ये कॅलिब्रेशनचा दोष असता तर तो बाकीच्यांपेक्षा वरच अडकून राहिला असता. तसं झालं नव्हतं. आर आणि बी फेजचे प्रोब पहिल्या काही मिनिटांतच जवळजवळ सगळी घसरण करून तेलाशी जुळले. वायचा प्रोबही तसाच पटकन खाली आला, पण अर्ध्या वाटेवर थबकला आणि मग हळूहळू, अर्ध्या तासाने, बाकीच्यांना येऊन मिळाला.

मिळाला, म्हणजे प्रोब खरा होता. पटकन खाली आला, म्हणजे तो तांब्याला चिकटून होता. मधे थबकला, म्हणजे त्या तांब्याभोवतीचं तेलच गरम होतं आणि ते हलत नव्हतं.

डिझाइनच्या मॅडमनी आलेख पाहिला आणि थेट विचारलं, "वरच्या पासमध्ये गाइड वॉशर उलटा तर नाही ना?" गाइड वॉशर म्हणजे डिस्कमधून तेलाची वाट वळवणारी प्रेसबोर्डची (दाबलेल्या पुठ्ठ्याची) कडी, आणि दोन वॉशरमधला डिस्कचा गट म्हणजे एक पास.

समोरचे पर्याय

सकाळी मीटिंगला बसलो तेव्हा टेबलावर चार पर्याय होते.

पहिला: प्रोब सदोष ठरवायचा, गणिताचा ६२ चा आकडा द्यायचा. दोन प्रोबपैकी एक आधीच मेला होता, त्यामुळे दुसराही गेला असं म्हणणं कागदावर शोभलं असतं. पण आलेख आमच्याच रीडरमध्ये साठवलेला होता आणि इन्स्पेक्टरच्या वहीत आकडा होता. हा पर्याय ज्यांनी मांडला त्यांनीच मागे घेतला.

दुसरा पर्याय जास्त मोहाचा होता, आणि त्यावर वेळ गेला. पंखे वाढवायचे. आणखी दोन-तीन पंखे बसवले की वरच्या तेलाची वाढ चार-पाच अंशांनी उतरते, तेल उतरलं की हॉट-स्पॉटही तेवढाच उतरतो. ७२ चे ६७ झाले की ६८ च्या मर्यादेत टेस्ट पास. ग्राहकाच्या कलमात कुठेही लिहिलेलं नव्हतं की तीन फेज एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. खर्च नगण्य, उशीर चार दिवसांचा. कमर्शियल विभाग याच बाजूचा होता, आणि एलडी (उशिराचा दंड) दर आठवड्याला अर्धा टक्का चढत असताना त्यांना दोष देता येत नाही.

तिसरा: तेल थोडं उतरवून, इन्स्पेक्शन कव्हर उघडून, बोरस्कोपने (नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने) वाय फेजच्या वरच्या भागात डोकावायचं. चौथा: सरळ अनटँकिंग, म्हणजे सीसीए टाकीबाहेर काढणं.

पंख्यांच्या पर्यायाला मी विरोध केला. सहा अंशांना दुप्पट या हिशेबाने अकरा अंश जास्त तापणारा कागद शेजारच्या फेजपेक्षा साधारण साडेतीनपट वेगाने जीर्ण होतो. पंख्यांनी तिन्ही फेज सारख्याच थंड होतील, फरक तसाच राहील. शिवाय पंखे बंद असताना, ओएनएएन (नुसत्या नैसर्गिक थंडाव्याच्या) रेटिंगला, तुंबलेलं तेल तुंबलेलंच. मालकांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला: "बोरस्कोपला किती वेळ लागेल?" एक दिवस. "मग आधी ते करा. त्यानंतर पंखे की अनटँकिंग ते ठरवू."

हा निर्णय मला अजूनही या प्रकरणातला सर्वात शहाणा वाटतो. त्यांनी बाजू घेतली नाही, स्वस्तातली माहिती आधी मागितली.

काय केलं

कोरडी हवा सोडत तेल वरच्या क्लॅम्पिंग रिंगच्या खाली उतरवलं. वाइंडिंगच्या नानांनी स्वतः बोरस्कोप धरला. आधी आर फेजमध्ये घातला, तुलनेसाठी. रिंगच्या भोकातून बाहेरच्या डक्टमध्ये चार डिस्क खाली गेलं की प्रेसबोर्डची पिवळसर कड आडवी येते: शेवटचा गाइड वॉशर, बाहेरची वाट अडवणारा. मग वाय फेज. चार डिस्क खाली गेलो, कड नाही. आणखी चार, तरीही नाही. नुसता काळा मोकळा डक्ट. नानांनी स्क्रीनकडे पाहिलं, बोरस्कोप बाहेर काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा तेच.

या वॉशरचं काम असं. ते आळीपाळीने एकदा आतली, एकदा बाहेरची वाट अडवतात, म्हणजे वर चढणाऱ्या तेलाला दर पासमध्ये डिस्कच्या मधून आडवं जावंच लागतं. वरच्या टोकाला तेल बाहेरच्या बाजूने निघत होतं, म्हणून शेवटच्या वॉशरचं तोंड आतल्या बाजूला हवं होतं. ते बाहेर होतं, त्याखालच्याचंही बाहेर. मग तेलाला आडवं जायचं कारणच उरलं नाही. पाटाचं पाणी वाफ्याचं दार न फुटता सरळ पुढे निघून जावं तसं ते बाहेरच्या डक्टमधून वर निघून गेलं आणि दोन पासमधल्या आठ डिस्क कोरड्या नव्हे, पण उपाशी राहिल्या.

त्याच संध्याकाळी ग्राहकाला फोटोंसह कळवलं. ते आधी कळवायचं की दुरुस्ती ठरल्यावर, यावर थोडी कुजबुज झाली. मालकांनी फोन स्वतः लावला. ग्राहकाने एलडी माफ केली नाही, पण हीट रन पुन्हा घेण्याची तारीख लगेच दिली.

सीसीए बाहेर काढला. योक (गाभ्याचा आडवा भाग) न उघडता वॉशर बदलता येईल का हे पाहिलं, नाही जमलं. वरचा योक उघडला, एचव्ही कॉइल उचलली, वरच्या डिस्क सैल करून वॉशर बदलला. तुटलेला प्रोबही याच वेळी बदलला आणि फायबरच्या वळणाला कागदाची गुंडाळी दिली. पुन्हा ओव्हन, पुन्हा तेल. एक बाब आमच्या पथ्यावर पडली: हीट रन आधी घेतला होता, इम्पल्स आणि इतर डायलेक्ट्रिक (इन्सुलेशनच्या) टेस्ट बाकी होत्या, त्यामुळे त्या दोनदा कराव्या लागल्या नाहीत.

निष्पन्न

दुसऱ्या हीट रनला वाय फेजचे दोन्ही प्रोब ६२ आणि ६३ वर आले. आर आणि बी जागच्या जागी. पंखे मूळ डिझाइनइतकेच.

वॉशर उलटा कसा बसला, याचा शोधही घेतला. आर आणि बीच्या कॉइल एका टीमने केल्या होत्या, वायची दुसऱ्या टीमने. ड्रॉइंगमध्ये वॉशरचं चित्र नव्हतं, फक्त तक्ता होता: कितव्या डिस्कनंतर, आत की बाहेर. तक्त्याची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली होती. कारागिराने तिथे आधीच्या ओळीसारखंच केलं. कुणावर कारवाई झाली नाही, आणि होऊ नये असं नानांनी बजावून सांगितलं. पूर्वीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असं कधी झालं नसेलच कशावरून, हा प्रश्न त्यांनीच विचारला. रेझिस्टन्सच्या सरासरीत ते दिसलं नसतं.

पुन्हा करायचं झालं तर

प्रोबची तपासणी चार ठिकाणी व्हायला हवी: वाइंडिंग झाल्यावर, जाक आवळल्यावर, ओव्हनमधून बाहेर आल्यावर आणि टाकीत बसवल्यावर. हातातला रीडर घेऊन पाच मिनिटांचं काम आहे. जाक आवळल्यावर लगेच पाहिलं असतं तर तुटलेला प्रोब तिथेच बदलला असता, आणि हीट रनच्या रात्री दोन प्रोब एकच गोष्ट सांगत असते. मग कुणी 'प्रोब गेलाय' म्हटलं नसतं.

त्याहून महत्त्वाचं, टेस्टच्या आधी लिहून ठेवायला हवं होतं की फेजमध्ये किती अंशांचा फरक आला तर थांबायचं. ग्राहकाच्या कलमात फक्त वरची मर्यादा होती, आमच्या टेस्ट प्लॅनमध्ये तीही उतरवलेली नव्हती. आकडा समोर आल्यावर नियम करायला बसलं की ज्याला जो नियम सोयीचा तो तो मांडतो. त्या सकाळच्या मीटिंगमध्ये तेच झालं.

शटडाउननंतरचा फायबरचा आलेख आता रेझिस्टन्सच्या कर्व्हशेजारी रिपोर्टमध्ये जातो. वॉशरचा तक्ता एका पानावर आणला आहे आणि प्रत्येक वॉशर बसवल्यावर मोबाइलवर फोटो काढतात. उंचीभर अनेक जागा वाचणारा ब्रॅग ग्रेटिंगचा फायबर पुढच्या एका प्रोटोटाइपमध्ये, सैल नळीत घालून, गॅलियम आर्सेनाइडच्या जोडीने लावून पाहावा असं मी सुचवलं आहे. कोणत्या पासमध्ये तेल अडतंय हे त्यात उघडल्याशिवाय दिसलं असतं.

नव्या कोटेशनमध्ये फेजमधल्या फरकाची अट डिझाइनने स्वतःहून घातली आहे. मधल्या फेजचा दुसरा प्रोब खरेदी विभागाने पुन्हा 'ऐच्छिक' या रकान्यात ढकलला आहे, आणि मॅडमनी त्यावर अजून सही केलेली नाही.